माजघरातला उजेड: आजी काळी येते, खिडकी पांढरी येते

माहेरवाशीण

माझं माहेर राजापूर तालुक्यात. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं आणि माजघराच्या छपरात दोन काचेची कौलं. शिमगा झाला की छप्पर उतरवून स्लॅब घालायचं ठरलंय. वासे वाळवीने पोखरलेत आणि कौलं परतायला आता माणसं मिळत नाहीत, त्यामुळे त्या निर्णयाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आजी ८४ वर्षांची आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे दिवस या माजघरात गेले. ती आणि तिचं माजघर मला एका फोटोत हवंय, आणि त्यासाठी हाताशी दीड महिना आहे.

माझ्याकडे भावाचा जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, त्यावर ५० मिमीची एफ १.८ लेन्स. शिवाय फोन. गेले तीन रविवार प्रयत्न करतेय. गजांच्या खिडकीपुढे बसवलं तर आजीचा चेहरा काळा ठिक्कर आणि खिडकी पांढरीफेक. ट्यूबलाईट लावली तर चेहरा दिसतो, पण एक गाल हिरवट, दुसरा निळसर. फ्लॅश उडवला तर सुरकुत्या गायब, मागे भिंतीवर काळी सावली, आणि माजघर असं दिसतं की जणू कालच चुना काढलाय.

डोळ्यांना ते माजघर फार सुंदर दिसतं हो. तेच कॅमेऱ्यात का येत नाही? इथे फोटो काढणारे कोणी असाल तर सांगा, कुठून सुरुवात करू?

खिडकीपाशी

ताई, पहिल्यांदा घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूबलाईट पण, देवघरातला झिरोचा बल्ब पण. खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, ट्यूबचा हिरवट, बल्बचा पिवळा. डोळा ते सगळं सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. एका वेळी एकच उजेड ठेवा.

दुसरं, आजींना खिडकीच्या पुढे बसवू नका, शेजारी बसवा. खिडकी त्यांच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला आली पाहिजे आणि फोटोच्या चौकटीत शक्यतो दिसायलाच नको. मग हळूहळू मान वळवायला सांगा. खिडकीपासून लांबच्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटेल. रेम्ब्राँटच्या व्यक्तिचित्रांत तो इतक्यांदा दिसतो की त्या उजेडाला त्याचंच नाव पडलंय. तो त्रिकोण दिसला की थांबा.

आणि सराव आजींवर करू नका, त्या दमतील. मी पेणला एका गणपतीच्या कारखान्यात शिकले. रंग न दिलेल्या शाडूच्या मूर्ती दाराशी वाळत ठेवलेल्या असतात. रंग नाही, चकाकी नाही, त्यामुळे दिसतो तो फक्त उजेड आणि त्याची सावली. मी तिथे कॅमेरा न काढता तासभर एका मूर्तीभोवती नुसती फिरले. समोरून सोंड सपाट दिसते, बाजूने गोल, मागून नुसती कड. मूर्ती तीच, जागा तीच, मी दोन पावलं सरकले एवढंच. तुम्ही घरी उकडलेलं अंडं घ्या, नाहीतर कणकेचा गोळा. खिडकीजवळ पाटावर ठेवा आणि त्याची सावली कुठे गडद आहे, कुठे संपते, तिची कड धारदार आहे की विरत जाते, ते वहीत चितारा. चित्र चांगलं यायची गरज नाही.

अर्धास्टॉप

चेहरा काळा का येतो त्याचं कारण सांगतो, म्हणजे त्यावरचा उपाय पाठ करावा लागणार नाही.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोर काय आहे हे ओळखत नाही. तो ढोबळमानाने असं धरून चालतो की समोरचं सगळं एकत्र केलं तर मधल्या करड्या रंगाइतकं, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं असेल. चौकटीत उजळ खिडकी आली की त्याला वाटतं उजेड भरपूर आहे, मग तो सगळंच अंधारं करतो. वारीत पांढरे सदरे आणि टोप्या मळकट येतात आणि काळी म्हैस राखाडी येते ती याचमुळे. म्हणून मीटर स्पॉटवर टाका, म्हणजे तो एका छोट्या जागेपुरतंच मोजेल, आणि आजींच्या उजेडातल्या गालावर मोजा. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे तिथलं मोजमाप पक्कं होतं, मग सूर्याची खूण थोडी खाली ओढा. खिडकी पांढरी झाली तर होऊ द्या. ती चौकटीबाहेर गेली तर त्याहून उत्तम.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा जुळवायची सोय, ऑटोवर ठेवू नका. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती-निरांजनाचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५५००, सावलीतला आभाळाचा उजेड ७००० च्या वर. खिडकीत थेट ऊन नसेल तर सावलीची खूण निवडा. आजींच्या त्वचेचा उबदारपणा परत येईल.

अंतराचंही एक गणित आहे. उजेडाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौपट कमी होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आजी खिडकीपासून एक मीटरवर असतील आणि मागची भिंत चार मीटरवर, तर भिंतीवर सोळाव्या हिश्श्याइतकाच उजेड पोचेल आणि ती आपोआप अंधारात जाईल. मागचा पसारा लपवायला पडदा लावायची गरज नाही.

जुना स्टुडिओ

वरचं गणित छोट्या दिव्याला लागू आहे, खिडकीला जसंच्या तसं लागू होत नाही. खिडकी चार फूट उंच आणि तुम्ही तिच्यापासून दोन फुटांवर, तर तुमच्यासाठी ती एक भिंतच आहे. तिथून फूटभर मागे सरकलात तर उजेड तितका घटत नाही. खिडकीच्या उंचीच्या दोन-तीन पट लांब गेलात की मग हा हिशेब खरा ठरायला लागतो.

मी तालुक्याच्या गावी ३५ वर्षं स्टुडिओ चालवला. सुरुवातीला यशिका, १२० ची फिल्म, एका रोलवर बाराच फोटो. बारा म्हटल्यावर माणूस आधी बघतो, मग बटण दाबतो. फिल्मच्या खोक्याबरोबर तक्ता यायचा, तो पाठच होता. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ (आकडा मोठा तसं छिद्र लहान) आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. पातळ मळभ असेल तर एफ ११, ढग आले तर एफ ८, उघडी सावली एफ ५.६. मीटर परवडायच्या आधी माझी बरीच वर्षं एवढ्यावर गेली, आणि फोटो क्वचितच वाया गेला. ताई, हा तक्ता एकदा पाठ करा. मग खळ्यात (अंगणात) पाऊल टाकल्याबरोबर ढग आला-गेला हे तुम्हाला आकड्यात कळायला लागेल.

स्टुडिओत ५०० वॅटचे दोन दिवे होते. नवा पोऱ्या कामाला आला की तो दोन्ही दिवे समोरून लावायचा, कारण त्यात सगळं दिसतं. मी एक बंद करायचो. गिऱ्हाइकाचं नाक गालापासून वेगळं उठून दिसायला एका बाजूला सावली लागते. सावली फार गडद झाली तर त्या बाजूला पांढरं धोतर ताणून धरायचं. तुमच्याकडे चादर असेल. नातवंडांपैकी एकाला चादर धरायला उभं करा आणि त्याला हळूहळू जवळ यायला सांगा. आजींच्या अंधाऱ्या गालाकडे बघत राहा. कुठे थांबवायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

फ्लॅशच्या सावलीबद्दल: कॅमेऱ्यावरचा फ्लॅश हा बोटभर लांबीचा उगम. उगम जितका लहान दिसतो तितकी सावलीची कड धारदार. सूर्य प्रचंड मोठा आहे, पण इतका लांब आहे की आभाळात जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणून उन्हातली सावली कडक असते. तोच ढगाआड गेला की अख्खं आभाळ उगम होतं आणि सावली विरते.

रणरण

मी अकोल्याचा. "सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊनच फोटोसाठी चांगलं" हे सगळीकडे ऐकून ऐकून मी कित्येक वर्षं दुपारी कॅमेरा कपाटात ठेवत होतो. आमच्याकडे मार्च ते जून दुपार हाच दिवसाचा मोठा भाग असतो. तो सोडून दिला तर काढायचं काय?

भर दुपारी अंगणात माणूस उभा करू नका, हे खरं. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. पण त्याच वेळी ओसरीत बघा. ऊन अंगणातल्या जमिनीवर आपटून आत येतं, खालून वर. हनुवटी, नाकाची खालची बाजू, डोळे, सगळं भरून निघतं. शिवाय छप्पर वरचं ऊन अडवतं. इतका मऊ उजेड मला सकाळी सातला कधी मिळाला नाही. फक्त जमीन कशाची आहे ते बघा. तुमच्याकडे जांभ्याची तांबडी माती, म्हणजे चेहऱ्यावर तांबूस झाक येणार. सारवलेलं खळं असेल तर ते उजेड गिळतं. झाडी दाट असेल तर हिरवा रंग गालावर येतो आणि आजारी दिसायला होतं. खळ्यात दोन पांढरी धोतरं वाळत घालून बघा.

खिडकीपाशी

रणरण, ओसरीचं अगदी पटलं. सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाबद्दल मात्र थोडा वाद घालते. चेहऱ्यासाठी तुमचं खरं, पण दगडासाठी तिरपं ऊनच हवं. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी गेलात तर पुढची बाजू सावलीत, शिल्पं सपाट. दुपार कलल्यावर ऊन तिरपं येतं आणि एकेक शिल्प भिंतीतून बाहेर येतं.

कार्ल्याचा चैत्यही पश्चिमाभिमुख. तिथे कधी गेलात तर दारातून फोटो न काढता सरळ आत जा, स्तूपापाशी थांबा आणि वळून बघा. वरच्या मोठ्या कमानदार गवाक्षातून उजेड आत येतो, वरच्या लाकडी फासळ्यांवर आणि स्तूपावर पडतो, आणि खांबांमागचे दोन्ही बाजूंचे पट्टे अंधारात राहतात. जवळपास ३८ मीटर लांबीची ही खोली, आणि उजेडाला वाट मुख्यतः समोरूनच. ज्यांनी ते कोरलं त्यांना नजर कुठे जायला हवी ते ठाऊक होतं. सगळं उजळवायचा हट्ट मी तिथे सोडला.

माहेरवाशीण

या रविवारी गेले होते. सगळे दिवे बंद केले तेव्हा आजी म्हणाली, "वीज गेली का गो?" मग ती खिडकीशी बसली आणि मी अर्धा तास कॅमेऱ्याला हात लावला नाही. तो त्रिकोण दिसला! चादर चुलतभावाच्या मुलाने धरली. अंधाऱ्या गालावर नेमका किती उजेड येतोय ते तो स्वतःच बघून पुढे-मागे होत होता.

गालावर मोजलं तर आयएसओ (म्हणजे फिल्मच्या वेगाचाच आकडा) ८००, एफ २, १/६० आलं. खळ्यात येऊन काकांचा तक्ता ताडून पाहिला, तो तंतोतंत जुळला. सहा फोटो खरोखर चांगले आलेत, एकात डोळ्यांत खिडकीचे गजसुद्धा दिसतात. पण हे फोटो कुठल्याही घरातले असू शकतात. माजघर त्यात नाही. मला काचेच्या कौलांतून येणारा तो उजेड हवाय, चुलीच्या धुरातून खाली येणारा. तो फोटोत येतच नाही.

अर्धास्टॉप

तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला. खळ्यातलं ऊन आणि माजघरातला गाल यांत दहा स्टॉपचं अंतर आहे. दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४. बाहेरच्यापेक्षा आत हजारपट कमी उजेड आहे, आणि तुमच्या डोळ्यांना ते माजघर तरीही उजळ वाटतं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना, डोळ्यांना दिसतं ते कॅमेऱ्यात का येत नाही, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. डोळा खळ्यातून आत येताना स्वतःला बदलत येतो, आणि खिडकी बघताना एक, कोपरा बघताना दुसरा असा सारखा बदलत राहतो. फोटोत मात्र एकच माप.

धुरातल्या झोताबद्दल: उजेड हवेत दिसत नाही, दिसतो तो त्यातला धूर. धुराचे कण उजेड जास्त करून पुढच्या दिशेला फेकतात. म्हणून तुम्ही कौलाकडे पाठ करून बघितलंत तर झोत जवळजवळ नाहीसा होतो. झोताच्या पलीकडे जा आणि कौल जिथून उजेड टाकतंय तिकडे तोंड करा. मागे अंधारी भिंत येऊ द्या. मग तो दिसेल.

स्कॉटलंडहून

मी एडिंबरात राहते, मूळची सावंतवाडीची. इथे डिसेंबरात सूर्य दुपारी बारालासुद्धा क्षितिजापासून जेमतेम साडेदहा अंश वर येतो. दिवसभर कोवळं ऊन, पण दिवसच सात तासांचा. मी इथे फोटो काढायला शिकले आणि मग घरी आले तेव्हा सारखी चुकत होते, कारण आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. तिन्हीसांजेचा फोटो हवा असेल तर आधी सगळं मांडून ठेवा. दिवा लावून मग कॅमेरा शोधायला गेलात तर वेळ गेली.

दिव्यावरून आठवलं. आमच्याच सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, १९४५-४६ सालचं. पुष्कळजण ते रविवर्म्याचं समजतात. जलरंगात आहे ते! दिव्यापुढे धरलेला हात, बोटांच्या फटींतून येणारा लालसर उजेड, आणि चेहऱ्यावर पोचेपर्यंत मऊ झालेला. ज्योत स्वतः आपल्याला दिसत नाही. मी त्या चित्रासमोर खूप वेळ उभी होते. आजींच्या हातात निरांजन देऊन बघा, पण ज्योत त्यांच्या हाताआड लपू द्या.

जुना स्टुडिओ

काचेच्या कौलाचं काम वेगळं आहे, तिथे घड्याळ आणि खडू लागेल.

या आठवड्यात कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि तसाच ९, १०, ११ नोव्हेंबरला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. वर्षातून दोनदा का, तर डिसेंबरच्या २२ तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जवळपास सारख्या अंतरावर सूर्य परत त्याच जागी मावळतो. आज पाय, उद्या छाती, म्हणजे एका दिवसात किरण किती सरकतो बघा.

तुमच्या माजघरातला कवडसाही असाच चालतो. सकाळी आठपासून दर अर्ध्या तासाने कवडशाच्या चारी कोपऱ्यांवर खडूने खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ठाऊक असेल, सव्वादहाला तो कुठे असणार. आजींना कवडशाच्या मागे पळवू नका. जिथे त्या रोज बसतात तिथे कवडसा कधी येतो ते बघा आणि त्या वेळी तुम्ही तयार असा. शिमग्यापर्यंत थांबलात तर सूर्य उत्तरेला सरकलेला असेल आणि खुणा चुकतील, तेव्हा लवकर उरका.

अर्धास्टॉप

काकांच्या सांगण्यात भर. सूर्य अर्धा अंश दिसतो, त्यामुळे कवडशाला कधीच सुरीसारखी कड नसते. कौलापासून जमिनीपर्यंत तिरप्या उन्हाची वाट पाच मीटर धरली तर कड साडेचार सेंटिमीटर मऊ असते. फुटक्या कौलाचं बारीक भोक कुठल्याही आकाराचं असो, खाली गोलच ठिपका पडतो, तो सूर्याचं चित्रच असतो. ग्रहणात तेच ठिपके कोरीसारखे होतात. आणि कवडसा मिनिटाला दोन-तीन सेंटिमीटर सरकेल, म्हणजे एका जागी पंधराएक मिनिटं मिळतील.

रणरण

उत्तरेच्या खिडकीचं एक सांगायचं राहिलं, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. पुस्तकांत लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही, म्हणून चित्रकार तिथे बसतात. ते युरोपातही फक्त दुपारपुरतं ठीक. तिथे काय, आपल्याकडे काय, मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरीप येते. पुण्यात तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेलाच असतो.

माहेरवाशीण

मिळाला!

शनिवारी खडूने खुणा केल्या. आजीने काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाली, "त्यासाठी खडू कशाला? कवडसा जात्याशी आला की मी तांदूळ निवडायला बसते, आणि खांबाशी गेला की भात चढवते." काकांनी सांगितलेलं घड्याळ तिच्याकडे आधीपासूनच होतं, मी कधी विचारलं नव्हतं. आता पावसाळ्यात ती वेळ कशी ओळखायची ते विचारून ठेवणार आहे.

रविवारी दहा वाजून वीस मिनिटांनी कवडसा जात्यापाशी आला आणि ती सूप घेऊन बसली. ऊन थेट सुपातल्या तांदळावर पडलं. आणि तिचा चेहरा खालून उजळला! चादर नको, काही नको. रणरण यांनी ओसरीत जे सांगितलं होतं तेच इथे सुपाएवढ्या जागेत घडत होतं. हनुवटी, नथ, चष्म्याच्या खालचे डोळे, सगळं त्या तांदळाच्या उजेडात. चूल पलीकडे धुमसत होती, म्हणून मी जात्याच्या पलीकडे जाऊन कौलाकडे तोंड केलं, आणि धुरातून उतरणारा झोत तिच्या डोक्यावरून सुपापर्यंत आखल्यासारखा दिसला.

गालावर मोजलं आणि एक स्टॉप कमीच ठेवलं, नाहीतर तांदूळ पांढराफेक होत होता. आयएसओ २००, एफ ४, १/४००. बाकीचं माजघर अंधारात गेलंय. फळीवरची पितळेची भांडी तेवढी कडेने चमकतात. आधी वाटलं, अरे, माजघर दिसतच नाही. मग कार्ल्याचं आठवलं आणि तसंच ठेवलं. सोळा मिनिटांत एकोणीस फोटो काढले, नंतर कवडसा तिच्या गुडघ्यावर सरकला.

जुना स्टुडिओ

छापताना मॅट कागद घ्या, चकाकीवर अंधाऱ्या भागात खोलीतल्या उजेडाचं प्रतिबिंब पडतं. आठ बाय दहापेक्षा लहान नको.

माहेरवाशीण

काका, बारा बाय पंधरा छापून घेतला, मॅटवर. आजीला दाखवला. तिने चष्मा कपाळावर सारून, फोटो दाराच्या उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. मग सुपावर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ, एक भात राहिलंय." खरंच, तांदळात सालासकट एक दाणा राहिला होता.

काचेची दोन्ही कौलं गवंडी अलगद उतरवून देणार आहे, भाताणात गुंडाळून माळ्यावर ठेवीन. आता गोठा राहिलाय. तिथे एकच झरोका आहे, पूर्वेला, आणि गाय काळी आहे. येत्या रविवारी अंदाज घेऊन इथेच लिहिते.